परदेशात हाऊस सिटिंग करून पुढं कुठं राहायचं ते ठरवणं: कुणी केलंय का?

हळदगंध (सांगली)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय. आम्ही सांगलीचे, गावभागात घर, दोघंच असतो. लेक पुण्यात, तिचं तिचं चाललंय. ह्यांनी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि मी घरूनच दुबईच्या एका फर्मचं अकाउंट्स बघते, लॅपटॉप आणि नेट असलं की झालं. २००५ चा पूर झाला, मग २०१९, मग २०२१, तिन्ही वेळा तळमजला पाण्यात. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि धोक्याची पातळी ४५ ची. दर जुलैत कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती आहे हे बघत बसायचं, ह्यांना आता ते नको झालंय. म्हणजे निघायचं हे जवळपास ठरलंय, कुठं ते नाही. लेक म्हणते पुण्याला या, पण घर सोडायचंच आहे तर जरा लांबच जाऊ असं आमचं डोकं फिरलंय म्हणा.

यादीत तीन जागा आहेत, पोर्तुगाल, न्यूझीलंड (ह्यांचे चुलत भाऊ हॅमिल्टनला असतात) आणि मॉरिशस. एका कन्सल्टंटकडं जाऊन आलो, त्यानं समुद्राचे फोटो दाखवले आणि फी सांगितली. टूरनं जाऊन काही कळत नाही हे एकदा बघितलंय, बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये बसा, रात्री परत आपलंच जेवण. म्हणून हे हाऊस सिटिंग डोक्यात आलं. तिकडचे लोक सुट्टीवर जाताना घर आणि कुत्रं मांजर आपल्यावर सोपवून जातात, आपण भाडं द्यायचं नाही आणि त्यांनी पगार द्यायचा नाही. एखाद्या गावात असं महिनाभर राहिलं तर भाजी कुठं मिळते, शेजारी बोलतात का, दुपारी तीन वाजता तिथं माणसानं करायचं काय, एवढं तरी कळेल.

प्रत्यक्ष कुणी केलंय का? भारतीय पासपोर्टवर जमतं का? आणि आमच्याकडं कधी कुत्रं नव्हतं, तर आमच्या ताब्यात कोण देईल?

चारभिंती (सातारा)

काकू धागा लय भारी, मी खुर्ची टाकून बसलोय. एकच शंका. शेजारच्यांनी आठ दिवस किल्ली ठेवायला दिली तर आमची आई दिवसातनं दोनदा जाऊन कुलूप ओढून बघते. अख्खं घर अनोळखी माणसावर टाकून ही लोकं सुट्टी एन्जॉय कशी करतात?

कोयना_ते_कोइंब्रा

ताई, आम्ही केलंय, सविस्तर लिहितो. मी मूळ पाटणचा, नोकरी सगळी इंग्लंडमध्ये झाली आणि पासपोर्ट ब्रिटिश आहे, त्यामुळं व्हिसाचं माझं गणित तुमच्यापेक्षा वेगळं, हे आधीच सांगून ठेवतो.

साइट बऱ्याच आहेत. सगळ्यात मोठी ट्रस्टेडहाऊससिटर्स, २०१० ला ब्रिटनमध्ये सुरू झालेली. फ्रान्सकडची घरं नोमॅडोरवर जास्त, ऑस्ट्रेलियाला ऑसी हाऊस सिटर्स, न्यूझीलंडला किवी हाऊस सिटर्स. वर्षाची मेंबरशिप भरायची आणि आपलं प्रोफाइल टाकायचं. नवीन माणसाला रिव्ह्यू नसतात म्हणून सुरुवातीला लंडन लिस्बन विसरायचं, कुठल्यातरी आडगावातला शनिवार रविवारचा सिट (म्हणजे एका घराची राखण) घ्यायचा, म्हातारी मांजर वगैरे, तो नीट पार पाडला की पुढचं सोपं.

आता मुद्द्याचं. आम्हाला अल्गार्व्ह पाहिजे होतं, पोर्तुगालचा दक्षिण किनारा, ऊन भरपूर आणि ब्रिटिश लोकांची आवडती जागा. मी मुद्दाम जानेवारीतला सिट शोधला, कारण उन्हाळ्यात कुठलंही समुद्राकाठचं गाव छानच दिसतं. घर छान होतं, कुत्रं गरीब होतं, पण आजूबाजूच्या बहुतेक घरांची शटरं खाली, निम्मी हॉटेलं मार्चपर्यंत बंद, संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर आम्ही दोघं आणि ते कुत्रं. आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गार! पोर्तुगालमधल्या बऱ्याच जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, भिंतींना इन्सुलेशन नसतं, मग ओल धरते आणि कपाटातल्या कपड्यांवर बुरशी येते. पावसाळ्यात महाबळेश्वरला बंद बंगल्यात राहिल्यासारखं, फक्त वर विजेचं बिल. डिह्युमिडिफायरची (हवेतली ओल शोषणारं मशीन) टाकी रोज सकाळी ओतायची हे माझं काम होतं. बाहेर १५ अंश आहे, ऊन आहे, आणि बायको घरात कानटोपी घालून बसलीय. हे कुठला कन्सल्टंट फोटोत दाखवणार?

नंतर कोइंब्राला सिट मिळाला. दोन मांजरी, त्यातल्या एकीला मधुमेह, बारा बारा तासांनी इन्सुलिनचं इंजेक्शन. मालकिणीनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं, वाटतं तेवढं अवघड नाही. पण त्यामुळं आम्ही घराला बांधले गेलो, लांब फिरायला जाणं बंद, आणि तेच बरं झालं. रोज तीच बेकरी, तोच बाजार, खालच्या मजल्यावरची तीच आजी. १२९० ला स्थापन झालेलं विद्यापीठ आता तिथं आहे, पोरांमुळं गाव बाराही महिने जागं. मोठं हॉस्पिटल आहे, लिस्बनला आणि पोर्तोला रेल्वे आहे. चढ मात्र भरपूर, गुडघे बघून ठरवा. तिथून निघताना बायको म्हणाली आता कुत्री मांजरं बास, इथं वर्षभर भाड्यानं घर घेऊ. घेतलं, अजून तिथंच आहोत.

पोवई_नाका (सातारा)

दादांचा अनुभव छान आहे पण ताईंनी त्यातली पहिली ओळ परत वाचावी, पासपोर्ट ब्रिटिश. आपल्या निळ्या पासपोर्टची गोष्ट वेगळी आहे, आणि ह्या धाग्यात तीच आधी बोलायला पाहिजे.

पैसे घेत नाही म्हणजे काम नाही ही आपली समजूत, इमिग्रेशनवाल्यांची नाही. २०२२ मध्ये एक ऑस्ट्रेलियन बाई कॅनडाला जाताना लॉस एंजेलिसला उतरली, मांजर सांभाळते आणि त्या बदल्यात राहायला मिळतं असं तिनं सरळ सांगितलं, तर चौकशी करून तिला परत पाठवलं. बातम्या आल्या होत्या तेव्हा. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्यांची ही गत, मग आपण कुठं. न्यूझीलंडच्या नियमात मोबदला म्हणजे फक्त पैसा नव्हे, राहण्याची सोय पण मोबदल्यात धरतात. म्हणून तिथं शेतावर राबून जेवण राहणं मिळवणाऱ्या पोरांनाही काम करायची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर तर काम करायचं नाही ही अट छापूनच येते.

युरोपचं म्हणाल तर शेंगेन व्हिसावर (पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस, त्याच्यावर एक दिवस नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, फी ९० युरो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, आणि राहणार कुठं त्याचा पुरावा. तो पुरावा म्हणून "मी ह्यांचं मांजर बघणार आहे" असं पत्र लावलं तर समोरचा अधिकारी काय विचार करेल ते तुम्हीच ठरवा. घरमालकानं मध्येच बेत बदलला तर तुमचा पुरावाच गेला.

माझं मत, ज्या देशात जायचं त्या देशाच्या इमिग्रेशनला आधी ईमेल करून लेखी विचारा, उत्तराची प्रिंट जवळ ठेवा, आणि काउंटरवर खोटं बोलू नका. "टूरिस्ट आहे म्हणून सांग, कोण विचारतंय" असा सल्ला देणारे परत पाठवायच्या वेळेला तुमच्या शेजारी नसतात.

हळदगंध

बापरे. म्हणजे कुत्र्याला आमचा भाचा म्हणून सांगायचं का आता 😄

गंमत सोडा, पोवई नाका तुमचे आभार, हे कन्सल्टंटनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. एक विचारते, माझं काम चालू राहणार आहे दुबईचं. फिरायला गेल्यावर लॅपटॉप उघडला तर ते पण काम धरतात का?

पोवई_नाका

धरू शकतात, देशादेशाचं वेगळं. न्यूझीलंडनं २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशातल्या मालकाचं रिमोट काम करायला परवानगी दिलीय, त्यामुळं दुबईचं काम हॅमिल्टनला बसून करता येईल, ९० दिवसांच्या पुढं मात्र टॅक्सचं बघावं लागेल. पोर्तुगालनं त्यासाठी वेगळा डी८ व्हिसा काढलाय. मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा तर अशाच लोकांसाठी आहे.

तासगावी_बेदाणा

वहिनी, जिथं जाल तिथं घरमालकाला आमचा बेदाणा न्या बरं का. सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, साधी गोष्ट नाही. आणि साताऱ्याचे कंदी पेढे. माणूस खूश, कुत्रं खूश, सिट पक्का.

गुरांचा_डॉक्टर (मिरज)

बेदाणा भाऊ, थांबा थांबा!! कुत्र्याच्या घरात बेदाणा नेऊच नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला मारक असतात, कुठल्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर होईल त्याचा नेम नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखादं थोडक्यात जातं. आपल्याकडं बागेतली कुत्री घडाखाली बसलेली असतात म्हणून लोकांना खरं वाटत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट पण नाही, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं शुगरफ्री च्युइंगम तर अजिबात नाही. म्हणजे कांदेपोह्यातला घास लाडानं भरवायचा नाही. मांजराच्या घरात लिलीची फुलं आणायची नाहीत, नुसता परागकण चाटला तरी किडनीवर जातं.

हे घरमालक सांगतीलच असं नाही, त्यांच्याकडं ते सगळ्यांना माहीत असतं असं ते धरून चालतात. ताई, तुम्ही कुत्रं पाळलेलं नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. जायच्या आधी इथंच कुणाचं तरी कुत्रं आठवडाभर सांभाळा, पट्टा ओढणं काय असतं ते कळेल.

पेढ्यांचं पण सांगतो. भारतातून युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये सामानातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, कंदी पेढा म्हणजे सगळा खवाच. न्यूझीलंडला तर खायचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहायचं, न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

चारभिंती

पेढ्याला बंदी असलेल्या देशात राहायला जायचं का हा खरा प्रश्न आहे

विट्याची_सून (लीड्स)

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते, म्हणजे घर देणारी. आमच्याकडं लॅब्रेडॉर आहे, आम्ही विट्याला येतो तेव्हा सिटर ठेवतो. चारभिंती, तुमच्या आईचं बरोबर आहे, पहिल्यांदा मी पण विमानात रडले होते. पण सवय होते.

सांगलीताई, तुम्हाला कुणी घर देणार नाही असं काही नाही. मी अर्ज वाचते तेव्हा काय बघते तर माणसं घरात बसणारी आहेत का. तरुण जोडपी येतात, गोड बोलतात आणि दिवसभर यॉर्क एडिनबरो फिरत असतात, कुत्रं एकटं. लॅबला चार तासांच्या वर एकटं ठेवायचं नाही अशी माझी अट असते. तुमच्यासारखी घरून काम करणारी बाई आणि रिटायर्ड नवरा हे तर हवंच असतं आम्हाला. आम्ही तुमच्या गावात राहायला यायचा विचार करतोय म्हणून येतोय, हे पण स्पष्ट लिहा, मला तरी आवडतं, मी मग शाळा दवाखाना शेजारी सगळं सांगत बसते.

स्वयंपाकाचं. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजणार म्हणजे वाजणार, आधी खिडकी उघडा मग मोहरी टाका. शेगडी इंडक्शन असली तर हिंडालियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा न्यावा लागतो, आणि भाकरी फुगत नाही, चपातीवर भागवा. शाकाहारी असाल तर आधीच विचारा, काही लोक कुत्र्याला कच्चं मांस घालतात आणि ते आपल्याच फ्रिजमध्ये असतं. कचऱ्याचे डबे रंगारंगाचे, कुठला कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते चुकलं की पंधरा दिवस घरात.

आणि एक टिप जी कुणी वापरत नाही. घरमालकाला मागच्या जानेवारीचं गॅस आणि विजेचं बिल दाखवायला सांगा. इंग्लंडमध्ये असाल तर कौन्सिल टॅक्सचं पण, आपल्या घरपट्टीसारखा असतो तो. मला एका सिटरबाईनं विचारलं होतं, मी आनंदानं दाखवलं, त्या बिचाऱ्या आकडा बघून गप्पच झाल्या.

तंबोरा (मिरज)

सगळं वाचलं. वय झालंय माझं, तेव्हा कडू वाटलं तर सोडून द्या. मिरजेत १८९४ ला वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून कर्नाटकातनं लोक इथं उपचाराला येतात. आज छातीत दुखलं तर सांगलीतून मिरजेला किती वेळ लागतो? तिकडं आधी फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव लागायला थांबायचं, मग त्यानं चिठ्ठी दिली तर स्पेशालिस्ट. पन्नाशीनंतर गाव बदलायचं तर पहिला दवाखाना बघावा, समुद्र नंतर.

दुसरं, आपल्या जिल्ह्यातली खानापूर आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनंचांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर गेली, केरळपासून पंजाबपर्यंत पेठांमधून बसली. एकानं तरी आधी कुणाचं मांजर सांभाळून बघितलं का? काम जिथं तिथं माणूस राहिला आणि ते गाव त्याचं झालं. तुम्हाला कुठं जायचं ते माहीत नाही कारण कुठं जायची गरज नाही, असं मला वाटतं.

कोयना_ते_कोइंब्रा

काका, गलाईवाल्यांचं पटतं, पण ते विशी पंचविशीत गेले, चूक झाली तर दुसरं गाव होतं. आमच्या वयात घर विकून गेलं आणि चुकलं तर परत येऊन घर घ्यायला पैसे उरत नाहीत. म्हणून आधी बघायचं. दवाखान्याचं मात्र शंभर टक्के. पोर्तुगालमध्ये सरकारी सेवा चांगली आहे पण फॅमिली डॉक्टर मिळेपर्यंत थांबावं लागतं हे खरं आहे, आम्ही प्रायव्हेट इन्शुरन्स ठेवलाय.

विट्याची_सून

आमचे आजेसासरे गलाईवालेच, कोईमतूरला. आजेसासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, मला कुणी विचारलं नव्हतं.

आकडेमोड (कराड)

भावनिक चर्चा छान चाललीय, जरा पैशाचं बोलू. हाऊस सिटिंगनं गाव कळतं पण खर्च कळत नाही, उलट फसगत होते. सगळ्यात मोठा खर्च भाडं, तो शून्य. वीज गॅस मालकाचा. कधी गाडी पण त्यांची. महिनाभर राहून माणूस म्हणतो अरे इथं तर आपल्या पेन्शनीत भागतंय! आणि तुम्ही राहता कुठं तर ज्याच्याकडं स्वतःचं घर, बाग, सुट्टीला जायची ऐपत आहे अशा माणसाच्या घरात, म्हणजे गावातल्या चांगल्या भागात. तुमच्या बजेटमधला फ्लॅट तिथं नसतोच.

आता व्हिसाचा आकडा. पोर्तुगालचा डी७, म्हणजे पेन्शन, भाडं, व्याज अशा बसून येणाऱ्या उत्पन्नावर मिळणारा. तिथल्या किमान वेतनाएवढं उत्पन्न लागतं, २०२५ ला ते महिना ८७० युरो होतं, बायकोसाठी अजून निम्मं, म्हणजे १,३०५ युरो. युरो शंभराच्या आसपास धरला तर सव्वा लाखाच्या वर, दर महिन्याला. डी८ म्हणजे रिमोट कामावरचा, त्याला किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५ ला ३,४८० युरो. शिवाय राहायच्या जागेचा करार लागतो, साधारण वर्षाचा, तिथं हाऊस सिटिंग दाखवून चालत नाही. पेन्शनवाल्यांना जी टॅक्सची सवलत होती ती २०२४ पासून नवीन लोकांना बंद झालीय, यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघून जाणारे अजून तीच धरून बसलेत. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाला महिना १,५०० डॉलर, ते पण सव्वा लाखाच्या पुढंच.

पैसे बाहेर न्यायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, ती आपल्याला अडवणार नाही 😀 पण आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवले की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, नंतर रिटर्नमध्ये मिळतो, तोपर्यंत पैसे अडकतात. शेतजमीन असेल तर एनआरआय झाल्यावर आहे ती ठेवता येते, नवीन विकत घेता येत नाही.

हळदगंध

आकडेमोड, रात्री हे वाचून आम्ही दोघं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ह्यांची पेन्शन, एफडीचं व्याज, वखारभागातल्या गाळ्याचं भाडं मिळून डी७ चा आकडा अगदी काठावर येतो. डी८ चं नाव काढायला नको. कवठे एकंदला थोडी जमीन आहे ती राहील म्हणजे, बरं झालं सांगितलं.

कोयना दादा, तुम्ही खर्चाचा अंदाज कसा घेतला होतात?

कोयना_ते_कोइंब्रा

सिट संपल्यावर लगेच परत यायचं नाही. त्याच गावात पुढचा महिना स्वतःच्या खिशातून साधा फ्लॅट घ्यायचा, आपल्याला कायम परवडेल तसलाच. मग खरा हिशोब कळतो. सिटमध्ये असताना शेजाऱ्यांशी ओळख झालेली असते त्यामुळं फ्लॅट पण त्यांच्याकडूनच मिळतो, जाहिरातीतून नाही. आणि त्या महिन्यात कामं काढायची, सिम घ्या, दात दाखवा, एखादं पार्सल पोस्टातून सोडवून आणा. भाषा येत नसताना पोस्टात उभं राहणं ही परीक्षा आहे, समुद्रावर सगळेच पास होतात.

पोर्टलुई_रिटर्न

मॉरिशसबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. मी तिथं हॉटेल लाइनमध्ये होतो. आपल्या पासपोर्टला आधीपासून व्हिसा काढावा लागत नाही हा मोठा फायदा. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते! एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज आहेत, घरी बोलतात क्रिओल पण आरत्या मराठीत. गाड्या डावीकडनं चालतात. उणं काय, तर दमटपणा, नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन, आणि बरंच काही बोटीनं येतं म्हणून महाग. बेट लहान आहे, सहा महिन्यांनी सगळे बीच बघून झालेले असतात. हाऊस सिटिंगची घरं तिथं फारशी नसतात, त्यामुळं सरळ भाड्यानं राहून बघा. पुराला कंटाळून वादळात जायचं का हा विचार आधी करा मात्र.

हळदगंध

न्यूझीलंडचं एक सुचलंय. ह्यांचे चुलत भाऊ डिसेंबर जानेवारीत लग्नसराईला सांगलीला येतात तेव्हा त्यांचं हॅमिल्टनचं घर बंदच असतं, कुत्रं बोर्डिंगला ठेवतात. आम्ही जाऊन राहिलो तर? नातेवाईकच ते.

पोवई_नाका

जवळच्या नात्यात, पाहुणे म्हणून जाणं हे अनोळखी माणसाशी साइटवरून ठरवण्यापेक्षा नक्कीच वेगळं दिसतं. भावाचं निमंत्रणाचं पत्र घ्या, कुत्रं आहे हे लपवू नका, आणि तरीही इमिग्रेशनला आधी विचारा.

पण एक सांगू का, डिसेंबर जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. हॅमिल्टन बघायचं तर जून ते ऑगस्ट, धुकं आणि ओली थंडी, तिकडची जुनी घरं पण कोंदट असतात.

हळदगंध

जून ते ऑगस्ट म्हणजे नेमका आमचा पूर. आम्ही तिकडं कुणाच्या तरी घराची राखण करणार आणि इकडं आमचं घर पाण्यात, उचलाउचल करायला कोण?

तंबोरा

हेच म्हणत होतो मी.

आकडेमोड

काका 😄

ह्यावर उपाय आहे ताई. जायच्या आधी तळमजला कायमचाच रिकामा करा, फ्रिज, कपाट, कागदपत्रं, इन्व्हर्टर सगळं वर. मीटर वर घेऊन घ्या. कॉलेजातलं कुणीतरी पोरगं किंवा पोलिस भरतीची तयारी करणारं, वरच्या खोलीत फुकट राहायला ठेवा, अट एवढीच की पाणी ४० फुटाला आलं की फोन करायचा आणि खालचा मेन स्विच पाडायचा. ४० ही इशाऱ्याची पातळी, धोका ४५ ला, मध्ये वेळ मिळतो. गावभागात कुठल्या फुटाला तुमच्या दारात पाणी येतं हे तुम्हाला माहीत असेलच, ते त्याला लिहून द्या.

चारभिंती

म्हणजे काकू हॅमिल्टनला हाऊस सिटर आणि काकूंच्या घरी सांगलीत हाऊस सिटर. इषय हार्ड.

विट्याची_सून

त्या पोराला पण तुम्ही वेलकम गाइड करून द्या बरं. आम्ही सिटरला देतो ती वही तीसेक पानांची आहे, बॉयलर कसा चालू करायचा इथपासून कुत्रं कुणावर भुंकतं इथपर्यंत. किल्ली दुसरी कुणाकडं, प्लंबर कोण, पाण्याचा मेन कॉक कुठं, हे तर पाहिजेच. नमुना पाठवते व्यनितून (खाजगी निरोपात).

हळदगंध

सगळ्यांचं वाचून आमचं असं ठरतंय. साइटवरून अनोळखी घरं घेणं भारतीय पासपोर्टवर आम्हाला नको वाटतं, ह्यांचा स्वभाव घाबरा आहे, काउंटरवर साहेबानं नुसतं डोळे वर करून बघितलं तरी हे नको ते बोलून बसतील. त्यामुळं कल्पना तीच ठेवायची, फक्त घर ओळखीचं किंवा भाड्याचं. न्यूझीलंडला भावाकडं पावसाळ्यात, इमिग्रेशनला ईमेल करून, पोरगं घरात ठेवून. पोर्तुगालला जानेवारी फेब्रुवारीत, कोइंब्राजवळ साधा फ्लॅट भाड्यानं, टूरिस्ट व्हिसावर, माझी तेवढे दिवस बिनपगारी रजा. कोयना दादांनी त्यांच्या खालच्या आजींचा फ्लॅट बघून सांगतो म्हटलंय. मॉरिशस यादीतून काढलं, ह्यांनीच काढलं, वादळ शब्द वाचल्यावर. आणि तंबोरा काका, दोन्हीकडं गेल्यावर पहिला दवाखाना बघणार, शब्द.

घर विकायचा विषय तोपर्यंत बंद. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली ह्याला निर्णय म्हणत नाहीत. असू दे.

आता राहिलं कुत्रं. भावाचं जर्मन शेफर्ड आहे आणि ह्यांना पामेरियनची पण भीती वाटते. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात तसं इथंच आधी कुणाचं तरी सांभाळून बघायचंय, सांगली मिरजेत कुणी आहे का?

गुरांचा_डॉक्टर

आहे की. विश्रामबागला माझा एक पेशंट आहे, बीगल, मालक दिवाळीत गावी जातात आणि दर वर्षी कुठं ठेवू म्हणून मला फोन करतात. स्वभावानं चांगलं आहे पण फटाक्याला घाबरून पलंगाखाली शिरतं, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुम्ही दोघांनी घर सोडायचं नाही आणि फराळातला चिवडा त्याच्यापासून लांब ठेवायचा, त्यात बेदाणे असतात. व्यनि केलाय.